सामाईक भिंत

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. त्या विषयावर आम्ही जन्मभर बोलत आलो आहो आणि ऐकणारेही जन्मभर ऐकत आले आहेत. म्हणून आम्ही चालकांकडे एका भिंतीविषयी बोलण्याची परवानगी मागितली. प्रथम त्यांना थट्टा वाटली. पण दोन बिऱ्हाडांच्या मधली जी भिंत असते, जिच्या एका अंगाला आपले कॅलेंडर आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची मांडणी असते, त्या भिंतीचा इतिहास हा माणसांनी एकमेकांशेजारी राहण्याचा इतिहास आहे, असे आम्ही सांगितल्यावर ते राजी झाले. शिवाय हा विषय ऋतूला धरून आहे. मुलांच्या परीक्षा संपतात आणि पाऊस अजून दूर असतो, त्या दीडदोन महिन्यांत शहरांतील निम्म्या घरांत ठोकाठोक चालू असते. कोणी मोरी हलवतो, कोणी दोन खोल्यांची एक करतो, कोणी गॅलरी आत घेतो. जो तो आपल्या घराचा नकाशा मनात घेऊन असतो. भिंतीपलीकडच्या घराचा नकाशा सहसा कोणाच्या मनात नसतो.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले त्या वर्षी आमची शाळा आठवीत सुटली. वडील परळच्या एका गिरणीत साच्यांवर होते. संप लांबला तेव्हा आम्ही एका गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून जाऊ लागलो. पुढे जे काही वाचले ते फोर्टातल्या पदपथावर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांतून. त्या पुस्तकांनीच आम्हांला या विषयाकडे आणले, आणि तेही एका अपराधातून. तो अपराध आधी सांगून टाकतो.

आमची खोली दहा बाय बाराची. माणसे सात. पुस्तके ठेवण्यास जागा नव्हती. १९८४ च्या पावसाळ्यात एका दुपारी घरात कोणी नाही असे पाहून आम्ही छन्नी-हातोडा घेतला आणि आडभिंतीत कोनाडा खोदण्यास बसलो. दोन वर्षे बिगारी केल्यामुळे आपल्याला भिंतीतले कळते, असा आमचा समज झाला होता. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची. आम्ही तीन इंच खोदले असतील नसतील, तोच पलीकडून भांडी कोसळल्याचा आवाज आला. शेजारच्या मावशींची मांडणी त्याच भिंतीला, त्याच उंचीवर ठोकलेली होती. गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा सुटला आणि मांडणीची खुंटी त्याबरोबर निघाली. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात चेपलेले पातेले. शिव्या येणार म्हणून आम्ही मान खाली घातली.

"काय करतुयास रं?"

"कोनाडा, मावशी. पुस्तकांसाठी."

"पुस्तकांसाठी व्हय! आन् मला इचारलं असतंस तर मी न्हाई म्हणणार हुते का? मांडणी उतरून ठिवली असती."

या दोन वाक्यांत शेजारधर्माचा जो कायदा आला आहे, तो पुढे आम्ही बऱ्याच जाड पुस्तकांत शोधला. एवढ्या थोडक्यात तो कोठे सापडला नाही. असो. वरच्या मजल्यावरच्या गवंडीदादांनी रविवारी ती भिंत बुजवून दिली, आणि मजुरी म्हणून आमच्याकडून आठ दिवस मावशींचे पाणी भरून घेतले.

कोनाड्याचा विषय किती जुना आहे हे पुढे कळले. लंडन शहरात ११८९ साली शेजाऱ्यांच्या भिंतींविषयी एक नियमावली झाली. शहराचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-एल्विन याच्या नावाशी परंपरा ती जोडते. घरे त्या काळी लाकडाची आणि छपरे गवताची. एक पेटले की आळी पेटे. म्हणून असे ठरले की, दोन शेजाऱ्यांनी मिळून दगडी भिंत बांधावयाची असेल तर प्रत्येकाने आपली दीड फूट जागा द्यावी आणि दोघांच्या खर्चाने तीन फूट जाडीची, सोळा फूट उंचीची भिंत उभी करावी. ज्याला खर्च झेपत नसेल त्याने तीन फूट जागा द्यावी आणि भिंत दुसऱ्याने बांधावी. आता गंमत पाहा. त्या भिंतीत कोनाडे काढावयाचे असल्यास प्रत्येकाने आपल्या बाजूने एक फूटच खोल जावे आणि मधला एक फूट सलग राहू द्यावा, हेही त्या नियमांत आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आमच्यासारखा कोणीतरी छन्नी घेऊन बसलेला पाहिला होता. तीन फुटांच्या भिंतीतही त्याने एक फूट राखून ठेवला. आम्ही साडेचार इंचांतून तीन इंच काढले.

तंटा झाला तर काय, याचीही सोय होती. महापौर आणि त्याचे सहकारी स्वतः जागेवर जाऊन भिंत पाहत आणि निवाडा देत. चौदाव्या शतकातील असे पुष्कळ निवाडे नोंदलेले आहेत. त्यांतील तक्रारी वाचताना आपण आपल्याच एखाद्या सोसायटीच्या सभेत बसलो आहोत असे वाटते. शेजाऱ्याच्या पन्हळीचे पाणी आमच्या अंगणात पडते, त्याच्या खिडकीतून आमचे घर दिसते, त्याच्या शौचकूपाची घाण आमच्या तळघरात झिरपते, त्याची पडकी भिंत आमच्यावर झुकली आहे. कागदांवर वाद घालीत बसण्यापेक्षा जागेवर जाऊन पाहावे, ही त्या लोकांची पद्धत आम्हांला फार पसंत आहे.

पुढे १६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले आणि सुमारे तेरा हजार घरांची राख झाली. दुसऱ्या वर्षी पुनर्बांधणीचा कायदा आला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या हव्यात आणि सामाईक भिंत दोघांच्या जमिनीवर निम्मी निम्मी यावी, असे ठरले. जो आधी बांधील त्याने पूर्ण भिंत बांधावी. मागाहून बांधणाऱ्याने त्या भिंतीचा आधार घेताना निम्मा खर्च व्याजासह भरावा. पाया आखून देण्यास आणि शेजाऱ्यांचे तंटे जागेवर पाहण्यास शहराने जे पाहणीदार नेमले, त्यांत रॉबर्ट हूक होता. शाळेतल्या मुलांना हूक ठाऊक असतो तो स्प्रिंगच्या नियमामुळे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापात त्याने पाहिलेल्या कोशिकांमुळे. तोच हूक कित्येक वर्षे जळक्या गल्ल्यांतून मोजणीची साधने घेऊन हिंडला आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या भिंतींचे शेकडो वाद त्याने पाहिले. ज्याने 'सेल' हा शब्द विज्ञानाला दिला, त्याचे निम्मे आयुष्य खोल्याखोल्यांमधल्या भिंतींतच गेले म्हणा ना!

परंतु त्या आगीनंतरचा जो भाग आमच्या मनाला अधिक भिडला तो वेगळाच आहे. जळालेल्या घरांत भाडेपट्ट्याने राहणारे हजारो लोक होते. पट्ट्यांत बहुधा असे लिहिलेले की घर सुस्थितीत राखण्याची जबाबदारी भाडेकरूची. म्हणजे घर जळाले तरी ते पुन्हा त्यानेच बांधावयाचे, आणि नसलेल्या घराचे भाडेही भरावयाचे! यासाठी १६६७ मध्ये एक खास न्यायालय बसवण्यात आले. त्याला अग्निन्यायालय म्हणत. न्यायाधीश त्यासाठी वेतन घेत नसत. जो पुन्हा बांधण्यास तयार असेल त्याचे भाडे कमी करावे, पट्ट्याची मुदत वाढवून द्यावी, तोटा दोघांत वाटावा, असे त्याचे निकाल असत. कराराचे अक्षर बाजूस ठेवून 'शहर पुन्हा उभे राहिले पाहिजे' एवढेच त्यांनी पाहिले. आमची चाळीस वर्षे वाटाघाटींत गेली आहेत. तोटा कसा वाटावा हे इतक्या सरळपणे ठरवणारे लवाद आमच्या वाट्याला फार थोडे आले.

आता कोणी म्हणेल, हा सगळा साहेबाचा इतिहास झाला, आपल्याकडे काय होते? आपल्याकडे होते, आणि पुष्कळ आधी होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ साली ती छापली गेली. पुढे १९६० नंतर मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ती काढली. ग्रंथाच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. त्यांत आम्ही पडत नाही. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयी एक अध्याय आहे, तो आम्ही आमच्या नाक्यावरच्या मंडळींना वाचून दाखवला आहे. वास्तूचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवर तोडावेत, येथपासून तो सुरू होतो. नवे बांधकाम दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी, म्हणजे आपल्या मापाने सुमारे तीन फूट, सोडून करावे. सांडपाण्याची वाट अमुक अंतरावर असावी, नसल्यास ५४ पण दंड. घाणीचा खड्डा भलत्या जागी खणू नये, पण घरात बाळंतीण असेल तर दहा दिवसांपुरती सूट. ही सूट लिहिणाऱ्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. नियम करणारा माणूस कधीतरी घरात राहिलेला होता हे त्यावरून कळते.

आणि त्याच अध्यायात एक शब्द येतो: 'संभूय'. गृहस्वामींनी एकत्र येऊन, एकमताने, हवे तसे बांधावे आणि नको ते टाळावे, असा त्या वाक्याचा आशय आहे. म्हणजे अंतराचे, दंडाचे नियम आहेतच, पण शेजारी एकत्र बसून ठरवतील तर त्यांच्या ठरावाला मान आहे. ज्याची हयात 'एकत्र या' असे सांगण्यात गेली त्याला हा शब्द भिंतीच्या संदर्भात भेटावा, याचा आनंद काय वर्णावा! त्याच अध्यायाच्या अखेरीस चूल पेटते ती जागा, कांडण चालते ती जागा आणि घराच्या मोकळ्या जागा सर्वांनी सामाईक वापराव्यात असे म्हटले आहे. आमच्या चाळीच्या व्हरांड्याचे वर्णन यापेक्षा निराळे नाही.

मनुस्मृतीविषयी आमचे मत कडू आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण सीमेच्या वादांत तिने एक व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. सीमेचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा खुणा उघड्या पडलेल्या असतात. गवत वाळलेले, पाणी आटलेले, पुरलेला दगड दिसतो. आजही पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महानगरपालिकेची धोकादायक इमारतींची यादी वर्तमानपत्रांत येते. महिना तोच, कारण मात्र उलटे. तेव्हा खुणा दिसतात म्हणून पाहत, आता पुढे काय दिसेल या भीतीने पाहतात.

मुंबईची गोष्ट आगीपेक्षा रोगाने अधिक घडवली. १८०३ साली फोर्टात मोठी आग लागली होती खरी, पण कामगारवस्तीच्या भिंतींकडे सरकारचे लक्ष गेले ते १८९६ च्या प्लेगामुळे. मांडवीत रोग दिसला आणि पाठीला पाठ लावून बांधलेल्या, उजेड-वाऱ्याचा मागमूस नसलेल्या खोल्यांतून तो पसरला. घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवण्यात आली. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. पडद्या पाडल्या, कौले काढून छपरांना भोके पाडली. १८९८ साली शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टाने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा उजेड त्या कोनाने खोलीत उतरला पाहिजे, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. नियम चांगला होता. परंतु ट्रस्टाने जेवढी घरे पाडली त्या मानाने पाडलेल्या घरांतल्या माणसांसाठी बांधली नाहीत, आणि ती माणसे शेजारच्या चाळीत दाटीने जाऊन राहिली. भिंती पाडण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला पलीकडची माणसे दिसतातच असे नाही, मग तो ट्रस्ट असो की कोनाडा खोदणारा पोरगा.

याच सुमारास आपल्याकडे ईझमेंटचा, म्हणजे सुविधाधिकाराचा कायदा लागू झाला. १८८२ चा हा कायदा मुंबई इलाख्यात १८९१ मध्ये आला आणि तो आजही चालू आहे. घरदुरुस्ती काढणाऱ्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने त्यातल्या दोन गोष्टी तरी समजून घ्याव्यात. पहिली उजेड-वाऱ्याची. तुमच्या घराला एखाद्या खिडकीतून वीस वर्षे उघडपणे, विनातक्रार, अखंड उजेड मिळत असेल तर तो तुमचा हक्क होतो, आणि त्यामुळे शेजाऱ्याला भिंत उंचावून तो पुरता बुजवता येत नाही. दुसरी आधाराची, आणि ती अधिक महत्त्वाची. प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याने खड्डा खणून तुमची मोकळी जमीन ढासळवता कामा नये. पण हा जन्मसिद्ध हक्क नुसत्या जमिनीचा. तिच्यावर बांधलेल्या घराच्या वजनाला जो आधार लागतो तो हक्क वीस वर्षांनी मिळतो. म्हणून पुण्याच्या पेठेत जुन्या वाड्याला लागून कोणी तळघराचा खड्डा घेऊ लागला, तर वाडेकऱ्याने पहिल्या कुदळीला जागे व्हावे. भिंतीला भेग पडल्यावर मिळते ती नुकसानभरपाई, आणि तीही मिळालीच तर.

इंग्लंडात ११८९ पासून चालत आलेला हा धागा १९९६ च्या सामाईक भिंतीच्या कायद्यापर्यंत पोहोचला. तो इंग्लंड आणि वेल्स या दोन्ही प्रांतांना लागू आहे. त्यात सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. जवळ पाया खणावयाचा असेल तर एक महिना. नोटिशीला चौदा दिवसांत उत्तर आले नाही तर काय? आपल्याकडे म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्. त्या कायद्यात उलट आहे. शेजारी गप्प राहिला तर वाद उत्पन्न झाला असे धरतात, आणि दोन्ही बाजूंचे पाहणीदार नेमून काम कसे करावयाचे ते ठरवतात. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्याच्या भिंतींची स्थिती नोंदवून ठेवण्याचीही तेथे रूढी आहे. कोठे भेग होती, किती लांब होती, हे नंतर कोणी नाकारू नये म्हणून. खर्च बहुधा काम काढणाऱ्याचा. मौन म्हणजे नकार, हे तत्त्व आमच्या मालकवर्गाने वाटाघाटींत मान्य केले असते तर आमचे निम्मे संप वाचले असते!

मात्र या चांगल्या कायद्यातही एक खोच आहे. नोटीस द्यावयाची ती शेजारच्या 'मालकाला'. त्या शब्दात लांब मुदतीचा पट्टेदार येतो, पण वर्षावर्षाच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या बोलीने राहणारा भाडेकरू येत नाही. म्हणजे भिंतीला पाठ लावून जो झोपतो त्याला विचारण्याची कायद्याची सक्ती नाही. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला मावशी आठवल्या. मावशी महिन्याच्या भाडेकरू. आम्हीही तेच. भिंतीचा मालक वाळकेश्वरास राहत होता आणि त्याने ती भिंत वीस वर्षांत पाहिलेली नव्हती.

मुंबईच्या चाळींत 'मालक कोण' हा प्रश्न मोठा अवघड होऊन बसला. १९४७ च्या भाडेनियंत्रणाने १९४० च्या सुमाराची भाडी गोठली. भाडेकरूंना त्याने तारले, यात शंका नाही. आम्ही स्वतः त्याच्या छायेत वाढलो. पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही असे सांगून मालकांनी हात झटकले, आणि तुळया कुजू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर सुरू झाला, पुढे ते काम म्हाडाकडे गेले. मंडळ टेकू लावी. काही टेकू इतकी वर्षे राहिले की मुलांनी त्यांवर नावे कोरली. मालकाने सोडलेली, मंडळाला न पोहोचलेली दुरुस्ती मग ज्याने त्याने आपल्या खोलीपुरती केली. पोटमाळा चढवला, लाद्यांवर लाद्या घातल्या, मोरीची न्हाणी केली. प्रत्येकाचे वजन थोडे, पण तुळई एकच.

येथे भिंतीचे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, कारण घरदुरुस्तीत सर्वांत घातक शब्द आहे 'साधी भिंत'. जुन्या भाराच्या इमारतीत नऊ किंवा चौदा इंची भिंतीवरच वरच्या मजल्यांच्या तुळया बसतात. ती काढणे म्हणजे हमालाच्या डोक्यावर बोजा असताना त्याचे पाय काढणे. सागवानी सांगाड्याच्या चाळीत खांब आणि तुळया भार वाहतात व मधे विटा भरलेल्या असतात. तेथे भिंत फोडताना गिलाव्याआड लपलेल्या खांबालाच छन्नी लागते. काँक्रीटच्या इमारतीत भार खांबांवर असतो. भिंत काढता येते, पण खांब सोलून त्याची सळई उघडी पाडता येत नाही, आणि खोली मोठी दिसावी म्हणून खांब काढता तर मुळीच येत नाही. बाहेरून तिन्ही भिंती सारख्याच दिसतात. रंग एकच असतो.

मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याप्रमाणे इमारतीत फेरफार करण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. रंग, गिलावा, लाद्या अशा किरकोळ कामांना सूट आहे. ठेकेदार त्यांना 'टेनंटेबल रिपेअर' म्हणतात. आमचा अनुभव असा की हा शब्द ताडपत्रीसारखा वापरला जातो. त्याच्याखाली काय झाकले आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. तीस वर्षांवरील इमारतींची संरचना तपासून घेण्याची तरतूदही त्या कायद्यात आता आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि त्याच भिंतीमागे हातोडा चालू असतो.

२०१३ च्या २७ सप्टेंबरला पहाटे डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. एकसष्ट माणसे गेली. राहणारी कुटुंबे महानगरपालिकेच्या कामगारांची होती. तळमजल्यावरच्या गाळ्यात फेरफार करताना इमारत कमकुवत केल्याचा आरोप पुढे ठेवण्यात आला. बाबू गेनू कोण, हे येथे सांगावयास नको. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला गिरणी कामगार. त्याचे नाव दिलेल्या इमारतीखाली कामगारांचीच मुले गाडली गेली. आम्ही त्या दिवशी तेथे होतो. ढिगारा उपसणाऱ्यांत आमच्या नाक्याचेही लोक होते. एका पलंगाखालून चपलांचे तीन जोड निघाले. त्याविषयी अधिक लिहवत नाही.

चार वर्षांनी, २०१७ च्या २५ जुलैस घाटकोपरला एक चार मजली इमारत पडली. सतरा माणसे गेली. तेथेही तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. दोन्ही घटनांत वर झोपलेल्या माणसांना खाली काय काढले जात आहे हे सांगणे कोणावर बंधनकारक आहे असे कोणाला वाटले नव्हते. तक्रार करावयाची तर ती आवाजाची, धुळीची. आवाज थांबला की तक्रार संपते.

आणि हातोडा मारणारा? त्याचे नाव कोठल्याच नोटिशीत नसते. सकाळी नाक्यावर उभा राहतो, ठेकेदार बोटाने खूण करतो, टेम्पोत बसतो, भिंत दाखवली जाते. १९९६ साली आपल्याकडे बांधकाम कामगारांचा कायदा झाला. ज्या वर्षी विलायतेत भिंतीचा झाला, त्याच वर्षी! पण ज्याने स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम काढले असेल त्याला त्या कायद्याने वगळले होते, आणि दहाहून कमी कामगारांच्या कामाला तो लागू नव्हता. म्हणजे घरदुरुस्ती बहुतेक बाहेरच. भिंत अंगावर पडली तर दोन माणसे ठेकेदाराच्या मोबाइलवर फोन लावीत राहतात. असे फोन आम्हीही लावले आहेत. बंद लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या नाक्यावर आम्ही एक ठराव केला. लांबलचक मागण्यांचा नव्हे. मधली भिंत फोडण्याचे काम मिळाले तर पहिला घाव घालण्यापूर्वी आपल्यातल्या एकाने पलीकडचे, वरचे आणि खालचे दार वाजवावे, आणि 'या भिंतीला तुमच्याकडे काय लावले आहे?' एवढे विचारावे. इंजिनिअरचा कागद आहे का, हे घरमालकाला विचारावे. कागद नसेल तर भिंत सोडून दुसरे काम मागावे. ठराव एकमताने झाला, पण एकमत नाक्यावर असते. टेम्पोत बसल्यावर माणूस एकटा असतो हे आम्हांला ठाऊक होते.

त्याच महिन्यात दादरच्या एका जुन्या इमारतीत आमच्यातला एक गवंडी कामाला गेला. दोन खोल्यांमधली भिंत काढून एक दालन करावयाचे होते. त्याने वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवले. वर राहणाऱ्या बाईंनी त्याला आत घेतले आणि फरशीवरची भेग दाखवली. बरोबर त्या भिंतीच्या रेषेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "दोन दिवसांपूर्वी नव्हती," त्या म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वी खाली भिंतीचा वरचा थर काढण्यात आला होता. गवंड्याने खाली येऊन करणी-हातोडा पिशवीत घातला आणि इंजिनिअर आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितले. ठेकेदाराने त्याला त्या दिवसाची मजुरी दिली नाही आणि पुढे तीन आठवडे कामाला बोलावले नाही. दुसरी जोडी नेण्यासाठी तो नाक्यावर आला, तेव्हा कोणी टेम्पोत चढेना. चौथ्या दिवशी इंजिनिअर आला. भिंत भाराची निघाली. त्याने प्रथम टेकू लावावयास सांगितले, मग लोखंडी तुळई घालावयास सांगितले, आणि घरमालकाने बैठकीच्या खोलीचा बेत बदलून भिंतीत फक्त एक दरवाजा काढून घेतला.

तीन आठवड्यांची त्या गवंड्याची मजुरी नाक्याने वर्गणी काढून भरली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यात पाचशे रुपये घातले. पावती कोणत्या नावाने करावी असे विचारता त्या म्हणाल्या, "शेजारी लिहा." तशी लिहिली आहे. पावतीपुस्तक आमच्याकडे आहे.